केंजीच्या नावाची सव्वा मूठ

मी, सरलाबाई काशिनाथ देसले, वय ६३, महानगरपालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार भेस्तान, सुरत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझा मुलगा योगेंद्र म्हणेल, म्हातारीला भ्रम झाला होता. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे.

१. भेस्तानचे घर माझ्या पगारातून बांधलेले आहे. यजमानांचा सगळा जन्म कापडाच्या लूमवर गेला, त्यांना घराचा उंबरठाही नशिबात नव्हता. खालचा मजला माझी मुलगी वर्षा हिला द्यावा. वरच्या खोलीचे कलम ३ मध्ये पाहावे, पण त्याआधी कलम २ वाचावे. वकीलसाहेब म्हणाले, एवढी हकीकत मृत्युपत्रात घालत नाहीत. मी घालणार.

२. सन १९९४ मध्ये इथल्या एका क्लबामार्फत वर्षा वर्षभरासाठी जपानला शिकायला गेली आणि बदल्यात केंजी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला. ती त्याच्या घरी, तो आमच्या. क्लबाच्या अध्यक्षांनी हार घालून भाषण ठोकले की, ही मुले म्हणजे दोन देशांमधला पूल. हारांचे पैसे मात्र आमच्याकडूनच घेतले.

श्रावणात आम्हा खानदेशी लोकांची देवी, कानबाई, घरी बसली. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट भाऊबंदांबाहेर कोणाच्या तोंडी लागू देत नाहीत. मी केंजीच्या नावाची मूठ घ्यायला लावली. भाऊबंदांनी नाके मुरडली. मी म्हटले, माझी पोर त्याच्या आईच्या हातचे खाते आहे, मग हा परका कसा? ती मूठ योगेंद्रने स्वतःच्या हाताने मोजली. हे ध्यानात ठेवावे.

भाद्रपदात सुरतेत प्लेगची बोंब उठली. निम्मे गाव गाठोडी बांधून स्टेशनकडे पळाले. नेमका त्याच वेळी केंजीला ताप भरला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, हिवताप आहे, घाबरू नका. योगेंद्र मला म्हणाला, “आई, तो आठे मरी गया तं तेना देशले काय जवाब देशी?” मी म्हटले, “मरत नाही तो. पेज दे त्याला.” आणि मी औषधाच्या रांगेत उभी राहायला गेले.

परत आले तर खाट रिकामी. योगेंद्रने त्या तापलेल्या पोराला रिक्षात घालून स्टेशनवर नेले, मुंबईच्या गाडीत कोंबले आणि तिकीटही न काढता सोडून दिले. मग बायको सुषमाला घेऊन स्वतः अमळनेरला पसार झाला. मी घरात एकटी उरले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, दुसरे काय!

केंजी कसाबसा मुंबईला पोहोचला, त्यांच्या वकिलातीने त्याला दवाखान्यात ठेवून घरी पाठवले. तिकडे वर्षाची गत काय? मुलगी सुरतेची म्हटल्यावर शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली, शाळेने येऊ नको म्हटले, हिला परत पाठवा असा धोशा लागला. केंजीची आई वर्षाचा हात धरून शाळेत गेली आणि मुख्याध्यापकांना म्हणाली, “सुरतेत माझ्या आजारी मुलाला त्याच्या भावाने गर्दीतून वाट काढून गाडीत बसवून दिलं. मी या मुलीला कशी काढू?”

केंजीने घरी तसेच सांगितले होते. खरे सांगितले असते तर माझी पोर रस्त्यावर आली असती, हे त्या सतरा वर्षांच्या मुलाला कळले. क्लबाचा पूल पहिल्या पुरात वाहून गेला, अध्यक्षसाहेब तर गाव सोडणाऱ्यांत पहिले होते. दोन देशांचे जे काही टिकले ते केंजीच्या त्या खोट्यावर टिकले. आणि खरे बोलून आम्हाला तोंडघशी पाडायचा हक्क कोणाला असेल, तर त्यालाच होता.

पुढे केंजीच्या आईने योगेंद्रला आभाराचे घड्याळ पाठवले. ते तो लग्नकार्यात बाही सारून दाखवतो, जपानची भेट म्हणून. वर्षा सुखरूप परतल्यावर मी त्याला म्हटले, आता तरी त्या बाईला खरे कळव. तो हसला. जनाची नाही तर मनाची तरी असावी!

३. योगेंद्रने केंजीच्या आईला फोन करून, वर्षाला दुभाषी बसवून, खरे काय घडले ते स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि घड्याळ परत पाठवावे. त्या माउलीला वाईट वाटेल. वाटू दे, पण आपला मुलगा केवढ्या मनाचा आहे हे तिला कळले पाहिजे. असे केल्यास वरची खोली योगेंद्रची. माझ्यामागून येणाऱ्या पहिल्या कानबाईपर्यंत न केल्यास तीही वर्षाची, आणि तिने ती परदेशातून इथे शिकायला येणाऱ्या मुलांसाठी ठेवावी. मी माझ्या मुलाला ओळखते. खोलीला रंग देऊन खाट घालून ठेवली आहे.

४. बँकेतली शिल्लक माझ्या शाळेतल्या एखाद्या मुलीला बाहेरदेशी शिकायला जाण्यासाठी द्यावी. कोणाला, ते वर्षाने ठरवावे. क्लबाला विचारू नये.

५. केंजीच्या नावाची सव्वा मूठ दरवर्षी घ्यावी. योगेंद्रने मोजू नये.

हे लिहिलेले वाचून पाहिले, राग कमी करण्यासारखे काही सापडले नाही, म्हणून खाली सही करते.

सरलाबाई काशिनाथ देसले
सुरत, २० जुलै १९९८

आमच्यासमोर सही केली:

१. कुसुम श्रीरंग निकम, निवृत्त शिक्षिका, भेस्तान.

२. लोटू सखाराम महाजन, रिक्षाचालक, नवागाम. त्या दिवशीची रिक्षा यांचीच होती, म्हणून यांना मुद्दाम बोलावले आहे.