बोगद्याच्या डोक्यावर दीड मीटर

३ मार्च, सकाळी ९
भुयारी रेल्वेच्या अलाइनमेंटची, म्हणजे मार्गरेषेची, अंतिम मांडणी आजपासून. शहराच्या ऐन मध्यात, खेटून उभ्या इमारतींखालून, नऊशे मीटर बोगदा. तेवीस तारखेला समिती. मंजुरी मिळाली की डिझाइन-प्रमुखपद माझे; दुसरा कोणी लायक असल्याचे ऐकिवात नाही. संकल्प: कोणावरही चिडायचे नाही.

३ मार्च, सकाळी ११
चिडलो. ड्राफ्ट्समनने रेघ जाड काढली होती. अपवाद समजावा.

११ मार्च
टपाल कचेरीच्या पायाचे खांब आणि बोगद्याचे छत यांत १.५२ मीटर अंतर साधले. पालिकेची जुनी ड्रॉइंग्ज स्वतः वाचून. सर्व्हेअर बाई विचारतात, सर, पालिकेने खोली कुठल्या शून्यापासून मोजलीये, आपल्या की त्यांच्या? म्हणालो, शून्य ते शून्यच. सगळे हसले, बाई हसल्या नाहीत. विनोदबुद्धीचा अभाव.

१४ मार्च
बाईंचा लकडा: टपाल कचेरीच्या चौकात जाऊन शून्य एकदा मोजून येऊ, दोन तासांचं तर काम आहे. नकार दिला. ते दोन तास अहवालाचे समास सारखे करण्यात सत्कारणी लावले.
घरी हिला सांगितले. ही म्हणाली, अहो, मोजू द्या ना त्यांना, तुमचं काय जातंय? यापुढे घरात तांत्रिक चर्चा बंद.

२३ मार्च, सायंकाळ
समिती. माझे निवेदन चाळीस मिनिटे, निर्दोष. मग साहेबांनी बाईंना काही सांगायचंय का विचारले. त्या सुटीच्या दिवशी परस्पर मोजून आल्या होत्या. पालिकेचे शून्य आमच्या शून्याच्या तीन मीटर खाली. अर्थात खांबही तीन मीटर अधिक खोल. अर्थात माझा बोगदा एकोणीस खांबांतून आरपार. साहेब म्हणाले, म्हणजे टपाल कचेरी आता गाडीत बसूनच जायची. हीन दर्जाचा विनोद. तरी सगळे हसले. बाईसुद्धा.

२४ मार्च
दोष पालिकेचा. ड्रॉइंगवर शून्याची टीप होती, परंतु अत्यंत बारीक अक्षरांत.

२ एप्रिल, सकाळी १०.१५
डिझाइन-प्रमुख बाई. माझ्याकडे स्थानकांतील सूचनाफलक: बाहेर जाण्याचा मार्ग, स्वच्छतागृह, इत्यादी. साहेब म्हणाले, इथं तुमच्यासारखाच काटेकोर माणूस हवा. हे त्यांनी ओळखले, याचे समाधान आहे.
फलक किती उंचीवर लावावेत यासाठी बाईंची मंजुरी लागते. त्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून हे लिहीत आहे. आत मीटिंग चालू आहे. केबिन गेल्या आठवड्यापर्यंत माझी होती.

सकाळी ११.४०
अजून चालू आहे.