चंपाची पाहुणी

काशीगाव, मीरा रोड (पूर्व)
धुळवडीनंतरचा रविवार, १९९८

ती. अक्का,

महिपतचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून प्रत्यक्षात खुर्चीवर बसूनच केला. तू तो आडवा पडून केल्यासारखा मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? महाडात एव्हाना उकाडा सुरू झाला असेल, तुळशीवर सावली केलीस का? दिवाळीत तू भाऊबीज उरकल्याबरोबर पिशवी उचललीस आणि काशीमीऱ्याच्या नाक्यावर एसटीला हात केलास, त्यानंतर तुझी एक ओळ नाही. संक्रांतीला तिळगुळाचा डबा आला, पण त्यात चिठ्ठी नव्हती. मी डबा उलटा करून, तळाचा कागदसुद्धा काढून पाहिला. असो. मी रागावलेलो नाही. माझं इथे उत्तम चाललंय, हे कळवावं म्हणून लिहितोय.

तू अजून लोकांना सांगतेस की आमचा महिपत औषधांच्या कंपनीत आहे. खरं आहे, पण कंपनीच्या माकडघरात आहे, एवढं तू गाळतेस. औषधं माणसांना देण्याआधी या माकडांवर तपासतात. त्यांना इथे कुणी विचारून आणलेलं नाही, आणि रोज सकाळी कुलूप काढताना मला ते आठवतं, वाईट वाटतं. माझ्या हातात फक्त त्यांचे चणे, केळी आणि स्वच्छ पाणी. तर यंदा पुण्याहून डॉ. सुचेता म्हणून नव्या बाई आल्या आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून व्याख्यान दिलं. माकड हा घोळक्यातला प्राणी, त्याला एकटं कोंडू नये. एकटं पडलेलं माकड स्वतःचेच केस उपटतं, त्याच त्या वाटेने येरझाऱ्या घालतं, पुढ्यात खाणं असून भिंतीकडे तोंड करून बसतं. हे सगळं आमच्या म्हाताऱ्या चंपाला तंतोतंत लागू होतं. तिच्या डाव्या हातावर केस उरले नव्हते आणि केळं नुसतं हातात धरून बसायची. असंच चाललं तर ही फार दिवस काढणार नाही, असं बाई म्हणाल्या. मी मान डोलावत होतो. शेजारी बसलेला धर्मा (आमचा पिंजरे धुणारा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला) मात्र चंपाकडे न बघता माझ्या मिशीकडे बघत होता. पेपर वाचताना मला मिशीचे केस उपटायची सवय लागली आहे. डावी बाजू जरा विरळ झाली आहे, इतकंच.

बाईंचं दुसरं म्हणणं असं की माकडाला चेपून टोचायचं नाही, शिकवून टोचायचं. पूर्वी पिंजऱ्याची मागची भिंत पुढे ओढून चंपाला दाबून धरत. ती किंचाळायची, आणि मी कोठीत जाऊन चण्याच्या पोत्यांची उगाच उसाभर करत बसायचो. आता शिट्टी वाजली की तिने आपण होऊन जाळीतून हात बाहेर काढायचा, सुई टोचून घ्यायची आणि बक्षिसाची खारीक खायची. शिकवणीचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकीच्यांना संध्याकाळी घरी जायची घाई असते. चंपा चटकन शिकली. मग बाहेरच्या कमिटीची माणसं पाहायला आली. बाईंनी शिट्टी वाजवली. चंपा ढिम्म. पुन्हा वाजवली, चार वाजवल्या, शेवटी कमिटीतले एक गृहस्थ हळूच खारकेकडे पाहू लागले, पण चंपा नाही. मी शरमेने स्टुलावर बसलो, कमरेत कळ आली आणि नेहमीसारखं ‘आई गं’ म्हणालो. चंपाचा हात तत्काळ बाहेर! झालं होतं असं, की मी रोज आधी कण्हत बसायचो आणि मग शिट्टी फुंकायचो. शिट्टीकडे तिने कधी लक्षच दिलं नव्हतं. आता कागदोपत्री शिट्टी आहे, पण सुई घेऊन आलेला प्रत्येक जण, अगदी विशीतली धडधाकट मुलंसुद्धा, स्टुलावर बसून ‘आई गं’ म्हणतो.

मग चंपाला सोबत म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेतून शालू नावाची माकडीण आली. बाई रजेवर जाताना बजावून गेल्या होत्या की पिंजरे शेजारी शेजारी ठेवा, मध्ये जाळी असू द्या, दार मी आल्यावर बघू. पण धर्माला ते पटेना. “पाहुनी हाय ती, दादा. पाहुनीला दारात ताटकळत ठेवाची? आपल्यात असा करत न्हाय!” मलाही ते पटलं. (तू आणि मी एकाच आईच्या हातचं वळण घेतलेले.) आम्ही पिंजऱ्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, चंपाच्या पिंजऱ्यात मधोमध एकच मोठं ताट मांडलं, शालूला आत घातलं आणि ‘सावकाश होऊ द्या’ म्हणून दार लावलं. ते इतकं सावकाश झालं की चंपाचा कान फाटला, शालूच्या शेपटीला टाके पडले आणि दोघींना सोडवायला गेलेल्या धर्माची पँट मागून फाटली. परत आल्यावर बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की घर कुणाचं होतं, तिला विचारलं होतंत का, आणि पाहुणीला पळायला कोपरा ठेवला होतात का.

मग रीतसर जाळी आली. दोघींची ताटं वेगळी, बसायच्या फळ्या वेगळ्या. बरेच दिवस दोघी पाठी फिरवून बसायच्या. मग पाठी फिरवून, पण एकाच वेळी जेवू लागल्या. एके दुपारी मी चणे घालायला गेलो तर चंपाचा तो उघडाबोडका हात जाळीतून पलीकडे गेलेला आणि शालू बोटांनी तो निवांत विंचरत होती. मी चणे तिथेच ठेवून मागच्या मागे फिरलो. आता दार उघडं असतं. केळ्यावरून अजून चापट्या होतात, पण चंपाच्या हातावर लव आली आहे आणि ती पोटभर खाते.

अक्का, दिवाळीत मी तुला माझी कॉट दिली, माझी खुर्ची दिली, तुझ्या भावजयीचं, सुलूचं कपाट रिकामं करून दिलं (ती गेल्यापासून ते मी उघडलंही नव्हतं) आणि तू नको नको म्हणत असताना पानात करंज्या वाढल्या. मग जमिनीवर मला झोप लागेना, ते तुला रोज सकाळी ऐकवलं. तू माझे डबे उंचीप्रमाणे लावलेस, मला साखर सापडेना, मी ओरडलो, तू त्याहून मोठ्याने ओरडलीस. आपण दोघंही वाईट नव्हतो. घर एका खोलीचं होतं आणि ताट एकच मांडलं होतं.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा धाकटा,
महिपत

ता. क. : शेजारच्या हंसाबेन वैशाखात मुलाकडे राहायला चालल्या आहेत. त्यांची खोली रिकामी होतेय. ओटा वेगळा, कडी वेगळी, डबे हव्या त्या उंचीचे लाव. दोन्ही खोल्यांच्या गॅलरीत मध्ये जाळी आहे. स्क्रू मी पाहून ठेवलेत, पण तू सांगेपर्यंत स्क्रू ड्रायव्हर लावणार नाही.

ता. क. दुसरा : हे सगळं तुझ्या गुडघ्यासाठी सुचवतोय. तुला तिथे विहिरीचं पाणी ओढावं लागतं म्हणून. माझं काही अडलेलं नाही. मिशी तर मी काढूनच टाकली.

ता. क. तिसरा : वरचा ता. क. खोटा आहे, पहिल्या परिच्छेदातलं ‘उत्तम’ही खोटं आहे. आता भुवया विरळ होतायत. संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत बसताना मी ‘आई गं’ म्हणतो. कंपनीत एवढं म्हटलं की निदान चंपा तरी हात पुढे करते. अक्का, तू ये.