शिव्या कोयोटला होत्या

डॅरल,

तू रागाने भरून ठेवलेली बॅग शोधू नकोस. ती माझ्या गाडीच्या डिकीत आहे आणि मी कामावर चाललेय. बाथरूमचं दार केवढं वाजवलं, पण तू शॉवर सुरू करून बहिरा झालास, म्हणून ही चिठ्ठी.

अरे वेड्या, "फुकटचं खाऊन सोकावलायस, चालता हो माझ्या घरातून!" हे तुला नव्हतं! मागच्या दारी तो लांडग्यासारखा दिसणारा कोयोट आला होता. वॅफलच्या वाडग्यातलं उरलंसुरलं चाटूनपुसून खात होता, आणि वॅफल, आपला शूर कुत्रा, माझ्या पायांमागे दडलेला. कोयोटला पाठ दाखवून पळायचं नसतं. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, हात उंच करून बोंब ठोकायची असते. मग तोंडाला आलं ते ओरडले. नोकरी गेली म्हणून सख्ख्या भावाला हाकलून देईन, अशी वाटले का रे मी तुला?

वाडगा मात्र काल तूच बाहेर विसरलास, ते सोडणार नाही. तो आता घरातच राहील. ग्रिलखाली सांडलेली चरबी आज पुसून घे आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण घट्ट लाव. वॅफलला एकट्याला बाहेर सोडू नकोस.

कोयोटला चटक लागलीय, संध्याकाळी परत येईलच. माझा घसा बसलाय, तेव्हा पाळी तुझी. बडवायला मोठं पातेलं आणि डाव ओट्यावर काढून ठेवलाय. आणि "माझ्या घरातून" हे अगदी ठासून म्हण. "बहिणीच्या घरातून" म्हणालास तर तो हलायचा नाही.

– नोरीन