चिकटवलेल्या चेहऱ्याखालचे डोळे

अण्णा,

तुमच्या हातची एकही रेषा माझ्याजवळ नाही. तालुक्यातल्या कारखान्यांमधून तुम्ही तीस-पस्तीस वर्षं गणपतीचे डोळे आखलेत आणि ते सगळे डोळे पाण्यात गेले. मूर्ती दुसऱ्याने घडवलेली, रंग तिसऱ्याने दिलेला, कारखान्यावर नाव मालकाचं. तुम्ही सगळ्यात शेवटी यायचात, श्वास धरून दोन डोळे आखायचात, मूर्तीला नजर आली की उठून चहा मागायचात. आज मी शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो, पन्नाशीला टेकलोय, आणि माझ्या तळघरातल्या भिंतीवर काचेमागे अकरा कागद लावलेत. ते बघून तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. काम झालं की सोडून द्यायचं, जमवून कसलं ठेवतोस? या वेळी मी मान खाली घालून ऐकणार नाही, म्हणून लिहितोय.

हे कागद म्हणजे इथल्या सुपरहिरोंच्या कॉमिकची मूळ पानं. छापलेली नव्हेत, हाताने काढलेली, छापील पुस्तकाच्या जवळजवळ दुप्पट आकाराची. माझ्या जन्माच्या आधीची, साठ सालाच्या आगेमागे काढलेली. त्या काळाला जमवणारे लोक सिल्व्हर एज म्हणतात. एकजण पेन्सिलीने चित्र काढायचा, दुसरा त्यावर ब्रशने शाईची रेष ओढायचा, आणि पान छापून आलं की मूळ कागद कुणालाच नको असायचा. कितीतरी पानं कचऱ्यात गेली, कितीतरी कापून टाकली. जी वाचली ती कुणीतरी नियम मोडला म्हणून वाचली.

आणि या नादाला मला तुम्हीच लावलंत. मी नऊ वर्षांचा असेन. मूर्ती गुंडाळायला मुंबईहून रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यात एकदा मुखपृष्ठ फाटलेलं एक इंग्रजी कॉमिक आलं. तुम्ही सवयीने त्याच्या पहिल्या पानाला ब्रश पुसलात आणि थांबलात. पान उजेडाला धरलंत. मी अजून कारखान्यातला तो कोपरा बघतो आहे, तुमच्या कोपराला लागलेला गुलाबी रंग बघतो आहे. "हे बघ," तुम्ही म्हणता, "खांद्यापासून मनगटापर्यंत या माणसाने ब्रश उचललेलाच नाही. नाव काय त्याचं? शोध." इंग्रजी मला येत नाही, अक्षरं तेवढी येतात. मी सगळी पानं उलटतो. नाव कुठेच नाही. "बरोबर आहे," तुम्ही म्हणता आणि कॉमिक माझ्या हातात देता. "नाव घालायचं म्हटलं की हात कापतो."

त्या दिवशी मला ते पटलं होतं. आज पटत नाही. ती रेष ओढणाऱ्याला घर होतं, पोरं होती, त्याचे डोळे दुखत होते. मी वर्षानुवर्षं जुन्या जाणकारांना पत्रं लिहून, रेषा ताडून बघून, ही नावं शोधतोय. सापडलं की चौकटीच्या मागे देवनागरीत लिहितो. अकरापैकी नऊ लिहून झाली.

आता त्या दुपारचं. मी अकरा वर्षांचा, आणि पाटावर आमच्या शाळेची मूर्ती. रंग पूर्ण झालेला, डोळ्यांच्या जागा नुसत्या पांढऱ्या. तुम्ही जेवायला गेलात. दोन्ही डोळे एकाच हाताने, एकाच बैठकीत आखायचे, मध्ये कुणी ब्रश लावायचा नाही, हे मला तुमच्याकडूनच कळलेलं. तरी मी बसलो आणि डावा डोळा आखला. तुम्ही हात पुसत आलात. बघितलंत. पांढऱ्या रंगाची वाटी जवळच उघडी होती, ती उचललीत आणि माझा डोळा झाकून टाकलात. पुठ्ठ्याने वारा घातलात. सगळे कामगार बघताहेत. मालक हसून म्हणाला, "अहो, पोरगा तयार होतोय तुमचा. राहू द्या की एखादा." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "देवाला दहा दिवस गावाकडे बघायचंय. याच्या हौसेतून नको." मग दोन्ही डोळे आखलेत, नेहमीसारखे, अगदी जिवंत. शाळेत मी दहा दिवस आरतीला त्या मूर्तीसमोर उभा राहिलो आणि तुमच्या डोळ्याखाली माझा शोधत राहिलो. त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. तुम्ही कधी विचारलंही नाहीत. मी इंजिनिअर झालो, इथे आलो, आणि दोन वर्षांत तुम्ही गेलात.

गेल्या वर्षी अकरावं पान मिळालं. उंच इमारतीवरून एक माणूस पडतोय आणि हवेतून झेपावणारा हिरो त्याला धरायला हात पुढे करतोय. पण हिरोचा चेहरा चिकटवलेला आहे. तशी तेव्हाची पद्धतच होती. पान कुणीही काढो, हिरोचा चेहरा प्रकाशकाच्या ऑफिसला हवा तसाच दिसला पाहिजे. मग दुसऱ्याकडून चेहरा काढून घ्यायचा, कापायचा आणि पहिल्याच्या चेहऱ्यावर डकवायचा. साठ वर्षांनी गोंद सुकला, कोपरा उचलला गेला. मी पान जुने कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे नेलं. सत्तरीच्या असतील. भिंगातून बघून म्हणाल्या, "माझी दोन लग्नं झाली, दोन्हींपेक्षा हा गोंद जास्त टिकला. बोल, परत दाबून बसवू की काढू?"

माझी मुलगी सोबत आली होती. तिचा जन्म इथला. "बाबा, लीव्ह इट," ती म्हणाली. "सगळे त्याला याच फेसने ओळखतात."

"आणि खालचा ज्याने काढला, त्याला?"

"नोबडी. सो व्हॉट? जे प्रिंट झालं तेच खरं ना, यार!"

अण्णा, तिने तुम्हाला कधी बघितलं नाही. तरी बोलली तुमच्यासारखंच. मला हसू आलं आणि रागही आला. मी बाईंना म्हटलं, "काढा."

पातळ पट्टीने त्या एकेक कडा सोडवत गेल्या. मी मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणत होतो. खालचा चेहरा सुंदर निघावा, ऑफिस खोटं ठरावं, एवढंच मागत होतो. तुकडा सुटला. खालचे डोळे सुंदर नव्हते. एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर होता आणि दोन्हींत भीती होती. पडणाऱ्यापेक्षा धरणाराच जास्त घाबरलेला. बाई भिंग बाजूला ठेवून म्हणाल्या, "का झाकला ते दिसतंय. परत लावायचा?"

"नाही," मी म्हटलं. ऑफिसचं चुकलं नव्हतं, हे मला समोर दिसत होतं. तरी नाही. हात पोचेल की नाही, हे त्या माणसाला काढताना खरंच ठाऊक नव्हतं, आणि ते कागदावर उतरलं. वाकडं असेना. ते झाकायचा हक्क कुणाला नाही. मी दोन्ही चेहरे एका चौकटीत शेजारी शेजारी लावलेत. बायको म्हणाली, "लाव, पण देवघरापेक्षा उंच नको हं." तेवढं मी ऐकलं.

इथेही मी दरवर्षी शाडूचा गणपती आणतो आणि गॅरेजमध्ये बादलीत विसर्जन करतो. डोळे सगळ्यात आधी जातात. पाणी मागच्या अंगणातल्या मेपलला घालतो. देवाचं विसर्जन तुम्ही शिकवलंत तसंच करेन, तो पुढच्या वर्षी येतो. माणसाच्या हाताचं करणार नाही. तुमची एक मूर्ती जरी कुणी नियम मोडून ठेवली असती, तरी मी तिच्यासाठी विमानाने आलो असतो.

हे पत्र यंदा त्या बादलीत सोडावं असं मनात आलं होतं. सोडणार नाही. त्या अकराव्या चौकटीच्या मागे, जिथे नाव अजून लिहायचं आहे, तिथे ठेवतो.

एवढं एक राहिलं. त्या दुपारी जेवायला जाताना पांढऱ्याची वाटी तुम्ही झाकून गेला होतात. परत आलात तेव्हा ती उघडी होती. झाकण मी काढलं होतं, अण्णा. डोळा वाकडा झालाय हे मला तुमच्या आधी कळलं होतं.