ओढ्याकाठची जोडी

१२ एप्रिल, शुक्रवार

दादा,

कसा आहेस? आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा तसाच. तुझ्या खोलीत आता बाबांचे गमबूट आणि छत्र्या असतात, रागावू नकोस.

फोन करणार होते, पण फोनवर माझं तोंड उघडत नाही, तुला माहितीये.

जंगलातली मोजणी झाली. शाळा सोडल्यापासून मीच जाते बाबांबरोबर. अजून तसंच, दर वर्षी याच दिवसांत, रंगाची खूण केलेल्या त्याच झाडांखाली पहाटे उभं राहायचं आणि पिटुकला पक्षी गाताना ऐकू आला की एक रेघ मारायची. सगळ्या जंगलांत तो वर्षानुवर्षं कमी होत चाललाय, फक्त आपल्याकडे तेवढाच. वनखात्याच्या ऑफिसातल्या मॅडमनी आलेख भिंतीवर लावलाय. बाकीच्या रेषा घसरगुंडीसारख्या, आपली सरळ. घरी कुणीही आलं की बाबा तेच सांगत बसतात.

म्हणून सोमवारी माणसं येणारेत. इथल्या चार-पाच जोड्या पकडून दुसऱ्या जंगलात सोडणार. तिथे एकही उरला नाही म्हणे.

दादा, इथेही नाहीयेत. ओढ्याकाठी एक जोडी आहे, बस. बाकी कुठल्याच झाडाखाली मला काही ऐकू येत नाही. बाबा मात्र मान डोलावतात आणि रेघ मारतात. आधी वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. पण गेल्या थंडीत, खिडक्या बंद, आई भांडी घासतेय, आणि बाबा म्हणाले, "शूः! ऐक, कसा गातोय."

थंडीत तो गातच नाही रे. आणि जंगल घरापासून कुठल्या कुठे. आईने माझ्याकडे बघितलं आणि नळ मोठा सोडला.

बाबांच्या कानातच वाजतं ते.

काल शेवटी सांगितलं. म्हणजे पुटपुटले. बाबा हसले. "बोट धरून तुला जंगल दाखवलं कुणी? कान साफ कर जा." मग जेवले नाहीत. आई मला म्हणाली, "गप्प बस. तेवढाच एक मान राहिलाय त्यांना."

पकडताना टेपवर पिटुकल्याचंच गाणं लावतात. दुसरा कुणी घुसला असं वाटून तो भांडायला येतो आणि जाळ्यात अडकतो. आपल्या पिटुकल्याने तर किती दिवसांत दुसऱ्या कुणाचा आवाजच ऐकला नाहीये. तो पहिल्याच सुराला धावत येईल.

पत्र सोमवारच्या आत पोचणार नाही, माहितीये. तरी लिहितेय. मी जाळ्याला आडवी उभी राहणार आहे आणि सगळ्यांसमोर बोलणार आहे. मॅडमसमोर, बाबांसमोर. नाहीच फुटला आवाज तर जाळं फाडेन. 

मग बाबा मला घरात ठेवणार नाहीत. तुझं नावसुद्धा काढू देत नाहीत अजून. तुझ्या तिथल्या खोलीत जागा नसली तरी चालेल, मी खाली झोपेन. फार बोलणार पण नाही. दार उघडशील ना?

तुझी, आणि सोमवारनंतर फक्त तुझीच,
छोटी