जास्तीचा रकाना

सोमवार, ३ तारीख
लागले बाई एकदाची नोकरीला! तीही ताईच्याच ऑफिसात, तिच्या पाठीमागच्या टेबलावर. आई गेल्यापासून ताईनंच मला वाढवलं. अजून डबा तीच भरते आणि सगळ्यांसमोर माझे केसही नीट करते. लाज आणते नुसती!
काम म्हणजे हातचा मळ: कर्मचाऱ्यांच्या यादीचं वेबपेज सांभाळायचं. कोडमध्ये प्रत्येक कर्मचारी म्हणजे एक ऑब्जेक्ट: नाव, टेबल नंबर, फोन. अशा त्रेचाळीस जणांची यादी. लूप एकेकाला उचलतो आणि वेबपेजवरच्या तक्त्यात त्याची एक ओळ मांडतो. झालं.

मंगळवार, ४
चूक सापडली. तक्त्याचे मथळे फक्त पहिल्या ऑब्जेक्टवरून घेतलेत. म्हणजे बाकीच्यांकडे काही जास्तीची माहिती असली तरी ती पानावर दिसायचीच नाही. इथल्या जुन्या प्रोग्रामरना सगळे गुरुजी म्हणतात. त्यांना सांगितलं तर चेहराच उतरला. चालतंय ते चालू दे, म्हणाले. पाणी नक्की कुठेतरी मुरतंय.

बुधवार, ५
गुरुजी जेवायला गेले तेवढ्यात मथळे सगळ्या ऑब्जेक्टांवरून घेतले. नवा रकाना उगवला: शेवटचा दिवस. भरलेला फक्त रिसेप्शनवरच्या मुलीच्या ओळीत. तारीख आजची. नोकरी सोडतेस का, विचारलं तर हसली. छे गं, इथेच म्हातारी होणार, म्हणाली.

गुरुवार, ६
ओळी बेचाळीस. रिसेप्शनची खुर्ची रिकामी. गुरुजी म्हणतात, तिथे कधी कुणी नव्हतंच. ताईलाही आठवेना. माझ्याही डोळ्यांसमोर तिचा चेहरा येईना, पण कालच्या पानावर तिचं हसणं लिहिलंय. मग तिथल्या खणात हा केसांचा चिमटा कुणाचा? गुरुजीच काहीतरी करताहेत. त्यांच्यावर डोळा ठेवायला हवा.

शुक्रवार, ७
ताईच्या ओळीत आजची तारीख.
पुसली. पान पुन्हा उघडलं, परत आली. चार वेळा. गुरुजींनी तर कीबोर्डला हातही लावला नाही. मग कोण —
ताई समोर बसून माझ्यासाठी संत्रं सोलतेय. मी तिला जाऊ देणार नाही. ओळच नसली तर तारीख बसेल कुठे? यादीतून तिचं ऑब्जेक्टच काढून टाकते.

शुक्रवार, दुपार
काढलं. मान वर केली. खुर्ची — नुसती संत्र्याची सालं —
मीच केलं. माझ्याच हातानं.
परत घालते तिला. आधी नाव लागतं. नाव — जन्मभर ताईच म्हणत आले. ही वहीसुद्धा चाळली. ताई, ताई, ताई. देवा, तिचं नाव —

शनिवार, ८
मागची पानं वाचली. अक्षर माझंच. पण ही ताई कोण? मी तर एकुलती एक. काहीतरीच!
घरूनच पान उघडून बघितलं. ओळी एकेचाळीस. तक्ता छान चालतोय.
सकाळपासून मात्र उगाच रडू येतंय. आवरून कधीची दारात उभी आहे, डब्याची वाट बघत. कोण भरून देणार होतं मला —