कोपऱ्यावरची बेवारस फियाट

४ फेब्रुवारी, शनिवार
आजपासून त्या फियाटचा बंदोबस्त मी हातात घेतला. दिवाळीपासून आमच्या गल्लीच्या वळणावर उभी आहे. चारही टायर बसलेले, मागची नंबरप्लेट गायब. कोणीतरी नवी गाडी घेतली आणि म्हातारी इथे आणून सोडली. सोडणाऱ्याने वळणसुद्धा नेमकं आमचंच शोधलं.

यांना दोनदा ॲटॅक येऊन गेलाय. डॉक्टरने बजावलंय, छातीत दुखलं की घरचे उपाय करत बसू नका, सरळ अँब्युलन्स बोलवा. ही गाडी इथे आहे तोवर अँब्युलन्स गल्लीत वळत नाही. परवा पाण्याचा टँकर आला, पुढे-मागे करून दमला, परत गेला.

कर्वेनगरात सगळे शिकलेले. आमचा आनंद कॉम्प्युटरवर, सूनबाई उत्कर्षा हिंजवडीला. दोघांना सांगितलं, तर म्हणे सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ. मी चौथी शिकलेली, म्हणून मीटिंग न घेता वॉर्ड ऑफिसला फोन लावला. तिथे नागोराव म्हणून साहेब आहेत. म्हणाले, आधी पाहून जाऊ, बेवारस वाटली तर नोटीस चिकटवू, मालक पुढे आला नाही तर क्रेन. झालं. महिनाअखेर गाडी गेली समजा. माझ्या फोनला वजन असतं.

संध्याकाळ
दिवा लावताना खिडकीतून पाहिलं. गाडीचे दोन्ही दिवे बरोबर यांच्या पलंगाकडे रोखलेले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण शनिवार होता आणि घरात लिंबू होतं. सात मिरच्या आणि बिब्बा ओवून पुढच्या बंपरला बांधून आले. पाच मिनिटांचं काम.

८ फेब्रुवारी, बुधवार
नागोराव जीप घेऊन आले. मी खिडकीतून पाहत होते. गाडीभोवती फिरले, पुढे वाकून लिंबू-मिरची पाहिली आणि चक्क हात जोडले. समोरच्या इम्तियाजच्या दुकानात काहीतरी विचारलं आणि निघून गेले.

सरकारी माणूस, तोही घाबरला. म्हणजे त्या गाडीत काहीतरी आहेच.

इम्तियाजला विचारलं, काय म्हणत होते. म्हणाला, गाडी कोणाची विचारत होते, मी सांगितलं आजी बघतात तिचं. बरोबर सांगितलं त्याने. तक्रार मी केली, मीच बघणार.

११ फेब्रुवारी, शनिवार
गाडीखाली झोपणारं लाल कुत्रं आज सकाळी मेलेलं सापडलं. म्हातारं होतं, असं आनंद म्हणाला. आनंदला सगळ्याची कारणं माहीत असतात.

लिंबू बदललं. या वेळी दोन बांधली. शिवाय बॉनेटवर हळदकुंकवाची बोटं ओढली. विश्वास नाहीच.

१५ फेब्रुवारी, बुधवार
नागोरावांना फोनवर चांगलं सुनावलं. पगार कशाचा घेता, विचारलं. ते म्हणाले, आजी, तसं दिसत तर नाही, पण तुम्ही एवढं म्हणता तर नोटीस लावतो. तसं म्हणजे कसं, ते काही सांगेनात. घाबरलेला माणूस असाच अर्धवट बोलतो.

हे ऐकत होते. म्हणाले, "बघू, आधी ती जाते की मी." असल्या पैजा घरात लावू नयेत म्हणून सांगितलं. जेवायला बसले तर दोन घास खाऊन उठले. बाकी तब्येत ठणठणीत आहे.

१८ फेब्रुवारी, शनिवार
आज काच धुतली. धूळ एवढी की आत काय बसलंय ते दिसेना, आणि न दिसणारं जास्त वाईट. बादलीभर पाणी, वर गोमूत्र. काचेवर कुठल्या तरी क्लासची जाहिरात डकवलेली होती. जिथे जागा दिसेल तिथे क्लास! चष्मा वर राहिला होता. उलथन्याने खरवडून काढली.

आत पाहिलं. मागच्या सीटवर एक उशी. मध्ये खड्डा, कोणाचं तरी डोकं नुकतंच उचललंय असा. घाईने वर आले.

हे म्हणाले, "तिला न्हाऊ घातलंस, माझं पाणी कधी काढतेस?" तोंड अजून चालतंय. म्हणजे काळजी नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार
काच धुतल्यापासून सकाळचं ऊन तिच्यावर पडून आमच्या खोलीत येतं. छतावर उजेडाचा चौकोन पडतो आणि सरकत सरकत यांच्या छातीवर येऊन थांबतो. ते त्याच्याकडे पाहत राहतात. पडदा लावला. पडदा पातळ आहे.

२७ फेब्रुवारी, सोमवार
महिना संपत आला, क्रेन नाही. परवा रिक्षाने घरी येताना रिक्षावाल्याला पत्ता सांगू लागले, तर तोच म्हणाला, आजींच्या गाडीपाशी ना? या गल्लीत आजी मी एकटीच. लोक काय वाट्टेल ते बोलतात. मी उतरून सरळ चालू लागले.

निश्चय: आता रोज फोन करायचा. शनिवारचं चुकवायचं नाही, त्यानेच आतापर्यंत निभावलंय.

११ मार्च, शनिवार
फोन रोज झाला नाही. गुडघे. पण नारळ फोडला.

१४ मार्च, मंगळवार
काय झालं ते लिहून ठेवते, नाहीतर आनंद त्याची कारणं सांगेल.

सकाळी चहा ठेवला होता. यांनी हाक मारली. हाक नेहमीची नव्हती. आनंदने अँब्युलन्सला फोन केला. ती लगेच आली, त्यांना नाव ठेवायला जागा नाही. वळणावर अडकली.

खालून हॉर्न. सारखा हॉर्न. ड्रायव्हर ओरडून विचारत होता, गाडी कोणाची, काढा. आणि खालची सगळी माणसं वर, माझ्या खिडकीकडे बघत होती. इम्तियाज हात वर करून म्हणाला, "आजी, किल्ली टाका, मी काढतो."

मी म्हटलं, "मेल्या, माझ्याकडे कुठली किल्ली?"

त्याला ते खरं वाटलं नाही, हे मला वरून दिसलं.

मग आनंद आणि इम्तियाजने यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्याने उतरवलं, गल्लीभर नेलं. गाडीपाशी ते म्हणाले, "थांबा जरा." थांबले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

दवाखान्यात पोचलो तर डॉक्टरने आधी घड्याळ पाहिलं.

२९ मार्च, बुधवार
दिवस झाले. पाहुणे गेले.

आज क्रेन आली. आनंद स्वतः वॉर्ड ऑफिसात जाऊन बसला होता म्हणे. बरोबर नागोराव. वर येऊन टेकले, पाणी प्यायले, वाईट झालं म्हणाले. मी म्हटलं, महिन्यापूर्वी आला असतात तर.

ते गडबडले. म्हणाले, "आजी, मी चारदा येऊन गेलो. दर वेळी ताजी लिंबू-मिरची. काच पुसलेली. नोटीस लावली तर ती कोणीतरी खरवडून काढली. बेवारस गाडीची एवढी निगा कोण राखतं? मालक इथलाच आहे, असंच वाटणार ना माणसाला?"

आनंद दारात उभा होता. उत्कर्षा स्वयंपाकघरात भांडी लावत होती, तो आवाज थांबला.

मी म्हटलं, "हल्ली कोण काय बांधतं आणि कोण काय खरवडतं, सांगता येत नाही. लोकांना अक्कल नाही."

नागोराव उठले. आनंद त्यांना सोडायला खाली गेला, तो बराच वेळ वर आला नाही.

क्रेनने उचललं तेव्हा लिंबू-मिरच्यांसकट पुढचा बंपर गळून पडला. तो त्यांनी आतल्या उशीवर टाकला आणि गाडी नेली.

वळण आता मोकळं आहे. अँब्युलन्स आरामात आत येईल.